मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे

महाराष्ट्रात लग्न आधी जमते, मग ठरते आणि मुहूर्तावर लागते. जमवतो तो मध्यस्थ, ठरवतात ती वडीलधारी मंडळी, लावतात ते गुरुजी आणि ‘करून देतो’ तो मुलीचा बाप. ‘त्यांनी लग्न केले’ असे नवरा-नवरीबद्दल थेट म्हटले जाते ते बहुधा प्रेमविवाहात. ठरवून होणाऱ्या लग्नात कोणाचे काय काम, याची वाटणी भाषेनेच अशी करून ठेवली आहे. विधींनी ती आणखी बारकाईने केली: मामाने काय करायचे, आत्याने काय, करवलीने काय, नवरीच्या पाठच्या भावाने काय. घरात या कामाला काम म्हणत नाहीत, ‘मान’ म्हणतात. मान राहून गेला तर सख्खी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात जात नाहीत. मराठी लग्न समजून घ्यायचे तर हा शब्द धरूनच चालावे लागते.

लग्नसराई सुरू होते तुळशीपासून. चातुर्मासात मुहूर्त नसतात. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात आणि मग घराघरांतल्या लग्नांना वाट मोकळी होते. अंगणातल्या वृंदावनाला चुना-गेरू लावायचा, बोरे, आवळे, चिंचा ठेवायच्या, बाळकृष्णासमोर अंतरपाट धरायचा, घरातल्या पोरांनी अक्षता टाकायच्या. शेजारी ऊस उभा करतात. हा ऊस म्हणजे तुळशीचा मामा. रोपट्याचे लग्नही या प्रदेशात मामावाचून लागत नाही.

स्थळे पूर्वी नात्यातून, जत्रेतून, दुसऱ्याच्या लग्नातल्या पंगतीतून येत. ‘आमच्या पाहण्यात एक मुलगी आहे’ या वाक्याने सुरुवात व्हायची. आता त्या जोडीला वधू-वर सूचक मंडळे, ज्ञातिसंस्थांचे मेळावे, संकेतस्थळे आणि व्हॉट्सॲपचे गट आले. माध्यम बदलले तरी फिरणारा कागद तोच राहिला, त्याला आता बायोडेटा म्हणतात. वर श्रीगणेशाचे नाव आणि कोपऱ्यात फोटो. जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण यांच्या रांगेतच रक्तगट. मग शिक्षण, नोकरी, पगार, घर, शेती. मराठा आणि इतर अनेक समाजांच्या बायोडेट्यात याखाली आणखी दोन ओळी असतात: ‘मामेकुळ’ आणि ‘नातेसंबंध’. दुसऱ्या ओळीत आडनावे आणि गावे मांडलेली असतात. अनुभवी माणूस पगार नंतर वाचतो, आधी ही ओळ वाचतो. त्या आडनावांतले एखादे आपल्या ओळखीचे निघाले की चौकशीला वाट मिळते आणि फोन सुरू होतात.

या चौकशीत आधी पाहायचे ते लग्न होऊ शकते का. ब्राह्मणांत गोत्र आणि प्रवर पाहतात. मराठ्यांत कुळी आणि देवक पाहतात. देवक म्हणजे कुळाचे चिन्ह: कुणाचा कळंब, कुणाची पंचपालवी, कुणाचे मोराचे पीस. देवक एक निघाले तर दोन्ही घरे भाऊबंद ठरतात आणि बोलणे तिथेच थांबते. सगोत्र विवाहाची कायदेशीर आडकाठी १९४६ सालच्या कायद्याने दूर झाली, पण घरांतली चौकशी काही थांबली नाही. नात्यातल्या लग्नाबाबत महाराष्ट्राची रीत उत्तर आणि दक्षिण या दोहोंच्या मध्ये पडते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात ही गोष्ट नेमकी मांडली आहे. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीण. दक्षिणेत तिच्याशी लग्न हा हक्कच. महाराष्ट्रात मराठ्यांत आणि देशस्थांत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी बहुतेक ठिकाणी वर्ज्य. कोकणस्थांत दोन्ही चालत नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने निषिद्ध नात्यांची यादी घातली, मात्र रूढीने मान्य असलेली लग्ने त्यातून वगळली. मामाचे माप मराठी लग्नात इतके मोठे का, याचे एक कारण इथे सापडते. तो आईचा भाऊ तर असतोच, शिवाय जुन्या रीतीने मुलाचे सासर मामाच्याच घरी असू शकत होते.

पत्रिका जुळवायची पद्धत सर्वांना तोंडपाठ असते. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७, नाडी ८, एकूण गुण ३६. निम्मे, म्हणजे १८ जुळले की चालते म्हणतात. नको असलेल्या स्थळाला सभ्यपणे नकार द्यायचा तर ‘पत्रिका जुळत नाही’ हे उत्तर दोन्ही घरांची अब्रू राखते, आणि त्यासाठीही पत्रिकेचा पुष्कळ उपयोग होत आला आहे.

जातीची चौकट मात्र पत्रिकेहून कडक आहे. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या आपल्या निबंधात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे सांगितले होते. ‘आपल्यातले स्थळ’ या दोन शब्दांत ठरवून केलेल्या लग्नाची ताकद आहे आणि त्याचा दोषही तिथेच आहे.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, म्हणजे कांदेपोहे, आता पुष्कळ बदलला आहे. एकेकाळी मुलीला चालून दाखवायला सांगत, केस किती लांब ते पाहत. आता मुलगा-मुलगी आधी बाहेर भेटतात, घरचा कार्यक्रम नंतर होतो. या बदलामागे मोठा इतिहास आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. मुंबईच्या न्यायालयाने १८८७ साली नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरवले, १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ आणि २१ झाले. वय वाढले, मुलगी शिकली, कमावती झाली, तसा तिच्या होकाराला अर्थ आला.

पसंती झाली की बैठक बसते. हीच याद्यांची बैठक. सतरंजीवर दोन्हीकडचे पाच-सात जाणते पुरुष, मध्यस्थ मधोमध. फूलस्केप कागदावर वर ‘श्री’, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदी-कुंकवाची बोटे. खाली दोन रकाने: मुलाकडच्यांनी काय करायचे, मुलीकडच्यांनी काय. कार्यालय कोणाकडे, जेवणाची पाने किती, शालू कोणाचा, मंगळसूत्र कोणाचे, नवरदेवाचा पोशाख, मानाच्या साड्या किती, त्यातल्या आत्याला कोणती, विहिणीला कोणती. मजकूर वाचून दाखवतात, दोन प्रती होतात, सह्या होतात आणि सुपारी फुटते. सुपारी फुटली की शब्द गेला. त्यानंतर मागे फिरणे म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न राहणे. आतल्या खोलीत बायका दाराआडून ऐकत असतात. आकडा चढू लागला की आतून कोणीतरी चहा घेऊन बाहेर येते आणि बोलणी थोडा वेळ थांबतात.

याच कागदावर मानाचा हुंडा होतो. पूर्वी अनेक शेतकरी आणि कारागीर समाजांत उलट चाल होती. मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देत, कारण कष्टाचे दोन हात एका घरातून दुसऱ्या घरात जात. मुलीच्या बापाने पैशासाठी तिला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायचे, या अनर्थावर गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. शारदा कायद्याचे नाव मात्र या नाटकावरून आलेले नाही, ते विधेयक आणणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून आले. पुढे वरच्या जातींचा हुंडा खालपर्यंत झिरपला आणि देज मागे पडले. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा ठरले. १९८५ च्या नियमांनी वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवणे बंधनकारक केले. याद्यांची पद्धत असलेल्या महाराष्ट्रात ही यादी घरोघर व्हायला हवी होती. ती जवळपास कुठेच होत नाही. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या’ या गोड वाक्याखाली चारचाकी, फ्लॅटचा हप्ता आणि तोळ्यांचा हिशेब सुखेनैव चालतो, आणि त्या ओझ्याखाली शेतकरी बाप सावकाराच्या दारात जातो. लग्नातल्या सगळ्या रीतींपैकी ही एक रीत कोणत्याही सबबीवर राखण्याजोगी नाही.

याच्या उलट एक चांगली चाल मराठवाड्यात रुजली आहे, ‘यादी पे शादी’. याद्या करायला पाहुणे जमतात, सगळ्यांचे पटते आणि कोणीतरी जाणता म्हणतो की मग आजच उरकून टाका. गुरुजींना बोलावणे जाते, दुकानातून साडी येते आणि संध्याकाळच्या आत लग्न लागते. दुष्काळी वर्षांत या चालीने किती घरे कर्जापासून वाचली असतील ते सहज समजते.

मुलींची उणीव हा या बैठकीवरचा नवा दाब आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ० ते ६ वयोगटात दर १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ती मुले हळूहळू लग्नाच्या वयाला पोचतील, पण उणीव त्यांच्या आधीच्यांनाच जाणवू लागली आहे. ‘शेतकरी नवरा नको’ म्हणणाऱ्या मुलींची संख्याही वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. गर्भात मुलगी मारण्याचा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी असा दारात उभा राहिला.

लग्नपत्रिका, म्हणजे छापील आमंत्रण, हा कुटुंबाचा पूर्ण ताळेबंद असतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात. मुलगा ‘चि.’, मुलगी ‘चि. सौ. कां.’, म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. नावाखाली कंसात ती कै. अमक्यांची नात, तमक्यांची ज्येष्ठ कन्या. खाली निमंत्रक, त्यांच्याखाली व्यवस्थापक, मग प्रेषक, मग ‘समस्त परिवार आणि मित्रमंडळ’. कोणाचे नाव कोणाच्या वर छापायचे यावर रात्री जागतात, कारण छापलेला क्रम हा भावकीतला मानाचा क्रम ठरतो. अगदी तळाशी लहान मुलांच्या नावाने एक ओळ: आमच्या आत्याच्या, नाहीतर मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं! पहिली पत्रिका कुलदेवतेला जाते. दुसरी बहुतेक घरांत मुलीची आई स्वतः आपल्या माहेरी नेऊन देते. भावाला पोस्टाने किंवा फोनवर आमंत्रण गेले तर तो येतो, पण मनातून खट्टू होऊन.

मग केळवणे सुरू होतात. देशावर काही भागांत याला गडगनेर म्हणतात. प्रत्येक जवळचे घर नवऱ्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांसह जेवायला बोलावते. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, गोडधोड, आहेर, आणि नाव घेतल्याशिवाय घास उचलू देत नाहीत. ज्या मुलीने आजवर दूरच्या चुलतकाकूचे घर पाहिलेले नसते ती या महिन्यात सगळी पाहून येते. आपले म्हणायचे लोक किती आणि कोण, हे तिला माहेर सोडण्याच्या आधी या ताटांवरून कळते.

दारात मुहूर्तमेढ रोवली जाते. सुवासिनी घाणा भरतात, देवक बसते, नांदीश्राद्धाने पूर्वजांनाही बोलावणे होते. एकदा देवक बसले की ते उठेपर्यंत घराला सुतक लागत नाही, असे शास्त्र आहे. इतकी माणसे, इतका खर्च आणि इतके शब्द गुंतलेले कार्य एका मृत्यूने अडू नये, ही व्यवहाराची गरज त्यामागे स्पष्ट दिसते. नवरदेवाला लागलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, मुलीकडे जाते. हळद लावणाऱ्या सुवासिनीच हव्यात, हा दंडक मात्र फार निष्ठुर आहे. नवऱ्यामागे एकटीने मुलीला वाढवलेली आई तिच्याच हळदीला कोपऱ्यात उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. अनेक घरांत आता आई पहिले बोट लावते. ते पाहताना मांडवातल्या बायकांचे डोळे भरून येतात.

हळद सर्वांत रंगते ती आगरी-कोळ्यांत. तिथे धवलारीण असते. ही बाई लग्नाचे विधी गाण्यांतून चालवते, ती गाते त्या धवल्यांवाचून लग्न पुढे सरकत नाही. वारल्यांतही लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नचौक लिहितात, ज्याच्या मधोमध पालघट देवी असते. धवळा हा शब्द फार जुना आहे. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचेच नाव घेतले जाते. बाईने लग्न लावायचे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, हे शहरांत स्त्री-पुरोहितांकडे आश्चर्याने पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. पूर्वी वऱ्हाड गावाच्या शिवेवर थांबे आणि मुलीचे आईवडील तिथे जाऊन नवरदेवाचे पाय धूत. आता शीव म्हणजे कार्यालयाचे दार. एका बाजूला रुखवत मांडलेले असते. त्यात लाडू-चिवड्याबरोबर मावशी-काकूंनी केलेले भरतकाम आणि साखरेची तुळस. दिवसच्या दिवस खपून केलेल्या त्या वस्तू कोणी पाहायला थांबले नाही तर करणारीला वाईट वाटते.

मुहूर्ताच्या आधी मुलगी गौरीहराशी बसते. अनेक घरांत ती तेव्हा मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसलेली असते. बाहेर जुन्या रीतीने घटिकापात्र ठेवले जाई: पाण्याने भरलेल्या घंगाळात बारीक छिद्राची तांब्याची वाटी, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. आता गुरुजी हातातले घड्याळ पाहतात आणि ध्वनिक्षेपकावरून म्हणतात, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.’ सगळ्यांच्या माना दाराकडे वळतात. भाची पुढे, मामा पाठीशी. अंतरपाटाआड ती उभी राहिली की मामा तिच्या मागे उभा राहतो, नवरदेवामागे त्याचा मामा. वडील या क्षणी बाजूला असतात. मंगलाष्टका बहुतेक शार्दूलविक्रीडितात, एकोणीस अक्षरांच्या ओळींत. शेवटच्या एक-दोन घरच्या असतात. कोणी आत्या किंवा काका दोन्हीकडच्या सगळ्यांची नावे वृत्तात बसवून आणतो, आवाज थरथरतो, कागद हलतो. अक्षता पडतात, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजते.

मामाचा हा मान धर्म बदलला तरी सुटला नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नवरीला चुडा भरण्याचा कार्यक्रम मामाच्या घरी होतो आणि हळदीच्या जागी नारळाच्या रसाने नवरा-नवरीला न्हाऊ घालतात.

कन्यादानानंतर होम. लाजाहोमात मुलीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो भाऊ. त्यानंतर कानपिळी: नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, म्हणजे बहिणीला नीट सांभाळ अशी ताकीद देतो, आणि पोशाख घेऊनच कान सोडतो. कान धरणारा कित्येकदा आठ-दहा वर्षांचा असतो, त्याला उचलून धरावे लागते. उत्तरेकडून सिनेमांबरोबर आलेल्या जोडे लपवण्याच्या खेळात फक्त पैसे मिळतात. कानपिळीत भावाला बोलायचा हक्क मिळतो, म्हणून ती टिकायला हवी.

सप्तपदी हा कायद्याने पाहिलेला विधी. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो. नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, विधी झालेले असावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले. महाराष्ट्रात नोंदणीही १९९८ च्या कायद्याने आवश्यक आहे. विधी म्हणजे भटजीच असेही नाही. जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले, पुरोहितावाचून. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी स्वतः बोलते, स्त्रियांच्या हक्कांची हमी मागते आणि नवरा ती देतो. सगळ्या लग्नात नवरी गप्प बसून असते हे ज्याला खटकते, त्याने ही रीत पाहावी.

संध्याकाळी सासूने आरशात सुनेचे मुख पाहायचे ते सुनमुख. मग झाल: वेळूच्या टोपलीत पेटलेले कणकेचे दिवे, ती टोपली मुलाकडच्या एकेकाच्या डोक्यावर धरायची. मुलगी आता तुमच्या हवाली, हे नवरदेवाला एकट्याला सांगत नाहीत, सासऱ्याला, दिराला, नणंदेला, प्रत्येकाला डोक्यावर ओझे देऊन सांगतात. इथे मुलीच्या आईचा धीर सुटतो. पाठराखीण म्हणून धाकटी बहीण किंवा आजी सोबत जाते. सासरच्या दारात तांदळाचे माप ओलांडणे, ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिणे, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, खंडोबा-भवानीच्या घरांत जागरण-गोंधळ. नाव बदलायचे की नाही, हे आता पुष्कळ मुली स्वतः ठरवतात. कायद्याने ते बदलावे लागत नाही.

पाहुणे पांगले तरी देणेघेणे वर्षभर चालते. संक्रांतीला हलव्याचे दागिने, श्रावणात मंगळागौर, आश्विनात दिवाळसण. पहिल्या दिवाळीला जावई-लेक येतात, जावयाला उटणे-तेल लावून न्हाऊ घालतात, पाडव्याला ओवाळणी होते. अधिक महिना आला तर जावयाला तेहेतीस अनारसे. पहिले बाळंतपण माहेरी. मूल मोठे होते, जावळ काढायचे ठरते, न्हावी येतो आणि मांडी लागते ती मामाची. मांडवात नवरदेवाचा कान धरायला ज्याला उचलून घ्यावे लागले होते, तो पोरगा मांडी घालून पाटावर बसतो आणि भाच्याचे डोके दोन्ही हातांनी घट्ट धरतो.